हानेलोरेने दार का लावलं

माझी सवत जर्मन होती आणि ती मेलेली होती. या दोन्ही गोष्टी मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळल्या. तिचं नाव हॅनलोर. एका इंग्रज गायकाला तिने दाराबाहेर ताटकळत ठेवलं, मग स्वतः राइन नदीत बुडून मेली, आणि त्या दुःखातून त्या गायकाने जे गाणं केलं ते माझे यजमान मधुकरराव नागपूरच्या कॉलेजात गॅदरिंगला डोळे मिटून गायचे.

साठच्या दशकातलं हे विलायती गाणं. बँडचं नाव मी सांगत नाही. त्यातले दोघे अजून हयात आहेत, आणि पुढे जे लिहिणार आहे ते त्यांच्या नातवंडांनी वाचावं असं मला वाटत नाही. गाण्यात तसं फार काही नाही. एक तरुण पायऱ्यांवर बसलाय. समोरचं दार बंद आहे. तो म्हणतो, मी जळतो आहे, मला आता धरवत नाही, दिवस सरता सरत नाही, हॅनलोर, दार लावू नकोस. मागे बाकीचे तिघे नुसते ‘ऊऽऽ’ करून कण्हतात. एवढंच. पण मधुकरराव ते गायला लागले की पुढच्या रांगेतल्या मुली रुमाल काढायच्या. मागच्या बाकांवरची पोरं मात्र ‘हाणलो रे, हाणलो रे’ म्हणून टेबलं बडवायची. हे चिडायचे. “हॅनलोऽर म्हणा बे! डोअरशी यमक आहे ते!”

पुढच्या रांगेत रुमाल घेऊन बसलेल्यांत मीही होते. एवढा दर्द असलेला माणूस नवरा म्हणून मिळाला तर जन्माचं सोनं होईल, असं मला वाटलं. माणूस मिळाला. दर्दही होता. तो हॅनलोरसाठी राखीव होता. घरात भांडण झालं की हे रेकॉर्ड लावून खिडकीत बसायचे. आणि मेलेल्या बाईशी भांडणार कसं? तिला ना सांधेदुखी, ना तिची आमटी कधी करपत.

मागल्या वर्षी यांचं बायपास झालं. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे. पण हे घरी आले आणि बाल्कनीतल्या खुर्चीत बसले ते बसलेच. गाणं नाही, पेपर नाही, भांडण नाही. ताटात वाढलं ते खायचे, झोप म्हटलं की झोपायचे. विद्युत मंडळातून निवृत्त झालेला, अर्ध्या नागपूरशी हुज्जत घालणारा माणूस असा गप्प झालेला मला बघवेना. आमची रश्मी ड्युसेलडॉर्फला असते. ती फोनवर म्हणाली, “आई, मे महिन्यात इकडेच या दोघं.” यांनी मान हलवली, नाही. मग मी शेवटचा बाण काढला.

“अहो, हॅनलोरच्या कबरीवर फुलं तरी वाहून येऊ.”

मग बाल्कनीतून आवाज आला, “पासपोर्ट कुठं ठेवलाय?”

ड्युसेलडॉर्फ

ड्युसेलडॉर्फ स्वच्छ आहे, श्रीमंत आहे आणि दुपारी गप्प असतं. रश्मीच्या इमारतीत हाउसऑर्डनुंग म्हणून एक नियमावली जिन्यात टांगलेली आहे. दुपारच्या वेळी आवाज करायचा नाही. मला हे माहीत नव्हतं. मी दुपारी तूरडाळीचा कुकर लावला. तिसऱ्या शिट्टीला खालच्या मजल्यावरच्या बाई दारात. त्यांना वाटलं, गॅस फुटतोय. त्यांना मी ताटलीत वरणभात दिला. त्यांनी तो ताटलीसकट नेला आणि दुसऱ्या दिवशी ताटली परत केली, धुऊन, कोरडी करून, वर एक कागदी रुमाल घालून. भाताबद्दल एक शब्द नाही. आमच्याकडे ताटली रिकामी परत करत नाहीत, पण निदान चवीबद्दल खोटं तरी बोलतात.

सहा वर्षांचा नातू अर्णव मराठी सगळं समजतो आणि उत्तर जर्मनमध्ये देतो. “आजोबांना गाणं म्हणून दाखव,” म्हटलं की “नाइन,” म्हणजे नाही. “दूध पी” म्हटलं की “नाइन.” मी त्या एका शब्दात पंधरा दिवस घरातला सगळा संवाद समजून घेतला.

मे महिन्यात इथले लोक एका भाजीसाठी वेडे होतात. श्पार्गेल तिचं नाव. पांडुरोग झालेली शेवग्याची शेंग डोळ्यांसमोर आणा. ती उकडतात, शेजारी उकडलेले बटाटे ठेवतात आणि वरून लोण्याचं पिवळं पाणी ओततात. आमचे जावई सॉफ्टवेअरवाले, मूळचे सदाशिव पेठेतले. त्यांनी डोळे मिटून घास घेतला आणि म्हणाले, “गेनाऊ! अगदी हीच ती चव.” कुठली चव, हे मी अजून शोधते आहे. मधुकररावांनी सगळं निमूट संपवलं. पूर्वी या भाजीवर त्यांनी अर्धा तास भाषण दिलं असतं.

यांचा पुतण्या संदेश येना नावाच्या शहरात संशोधन करतो, भिंगांवर. त्याने इंटरनेटवर शोधून फोनवर सांगितलं की तो बँड कीर्ती मिळण्याआधी रुहरॉर्ट नावाच्या बंदराच्या वस्तीत एका दारूच्या गुत्त्यात वाजवायचा आणि त्याच्याच वरच्या मजल्यावर राहायचा. गुत्ता अजून चालू आहे. हॅनलोर बुडाली ती तिथेच, रुहर आणि राइनच्या संगमावर. रश्मीने रजा घेतली. निघताना हे स्टेशनवरच्या फुलांच्या दुकानात शिरले आणि पांढऱ्या लिलीचा मोठा गुच्छ निवडला. दुकानदारणीने हळू आवाजात काहीतरी विचारलं.

“कोण गेलं, विचारते आहे,” रश्मी म्हणाली. “ही फुलं इथे मयताला नेतात.”

“बरोबर आहे,” हे म्हणाले. त्या आठवड्यातलं त्यांचं हे सर्वांत ठाम वाक्य.

रुहरॉर्ट

ड्युइसबुर्गपर्यंत आगगाडी, पुढे ट्राम. ट्राम पूल ओलांडून बंदरात शिरते आणि एकदम क्रेन, कोळशाचे ढीग, लांबच लांब मालवाहू होड्या. होड्यांवर माणसं संसार करतात. एका होडीवर दोरीला परकर वाळत होता आणि शेजारी मोटार उभी होती, होडीवरच. राइन इथे चहाच्या रंगाची आहे. समोरच्या काठावर संगमाशी एक नारिंगी लोखंडी खांब उभा केलाय. का, ते कुणी सांगितलं नाही.

हे धक्क्यावर उभे राहिले, लिली छातीशी धरून, वाऱ्याने केस उडालेले. मला खरं सांगायचं तर हसू येत होतं, आणि त्याच वेळी त्यांच्या शर्टाची कॉलर मानेभोवती किती ढिली झाली आहे तेही दिसत होतं. ते म्हणाले, “आधी कबर पाहू. पाण्यात फुलं टाकली की वाहून जातात.”

कबरीचा पत्ता विचारायला आम्ही गुत्त्यात गेलो. अशा गल्लीतल्या गुत्त्याला इथे क्नाइपे म्हणतात. आत अंधार, लाकूड, बिअरचा आंबूस वास. मालक हॉर्स्ट, सत्तरी ओलांडलेला, पोट एवढं की तो गल्ल्यामागे आडवा चालायचा. त्याच्या वडिलांच्या वेळी तो बँड इथे वाजवायचा. तेव्हा हा तरणाबांड होता आणि पिंपं वाहायचा. रश्मीने त्याला आमची ओळख करून दिली. भारतातून, नागपूरहून, हॅनलोरसाठी आलेत.

“आल्झो,” हॉर्स्ट म्हणाला, “हानेलोऽरे!”

हे चमकले. “काय म्हणाला तो?”

“बाबा, जर्मनमध्ये शेवटचा ए म्हणतात. हा-ने-लो-रे.”

मला राहवलं नाही. “म्हणजे मागच्या बाकांवरची पोरं बरोबर होती!”

यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. गुच्छ गल्ल्यावर ठेवून त्यांनी गंभीरपणे विचारलं, “तिची कबर कुठं आहे?” रश्मीने जर्मन केलं.

हॉर्स्टने एकदा फुलांकडे पाहिलं, एकदा यांच्याकडे. “कुणाची?”

“हानेलोरेची.”

“ती ईस्टरला इथे जेवून गेली,” हॉर्स्ट म्हणाला. “माझ्या बटाट्याच्या सॅलडला नावं ठेवून गेली.”

रश्मी भाषांतर करता करता थांबली, मग एका दमात बोलून मोकळी झाली. हे उंच स्टुलावर बसले. मी पटकन त्यांचा हात धरला, नाडी लागते का ते पाहायला.

“बुडाली नव्हती?”

“हानेलोरे? बुडाली?” हॉर्स्टने गल्ल्यावर थाप मारली. “ती माशासारखी पोहायची. प्यालेल्या खलाशांना पाण्याबाहेर काढायची. ते बुडण्याचं बँडच्या मॅनेजरने पिकवलं. मेलेली पोरगी असली की रेकॉर्ड जास्त खपतात.” त्याने सांगितलं की ती मूळची येनाची, पूर्वेची. तरुणपणी पळून पश्चिमेला आली, या क्नाइपेच्या स्वयंपाकघरात कामाला राहिली. भिंत पडल्यावर म्हातारी आई सांभाळायला परत येनाला गेली ती तिकडेच राहिली.

“मग ते गाणं?” यांनी विचारलं. “ते दार? काय झालं होतं त्या दोघांत?”

हॉर्स्टच्या तोंडावर आधी एक आठी आली, मग ती हलायला लागली. तो हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता गल्ल्याला धरून खाली वाकला. वर आला तेव्हा डोळे पुसत होता. “ते तिनेच सांगायचं. मी शब्द दिलाय.” आणि त्याने गल्ल्यावरचा फोन उचलून नंबर फिरवला. पलीकडून बाईचा एवढा खणखणीत आवाज आला की आम्हा तिघांनाही ऐकू आलं. हॉर्स्टने फोन ठेवला. “रविवारी दुपारी कॉफीला या म्हणते. येनाला.”

लिली त्याने बिअरच्या मगात ठेवून दिली. यांनी बिअर मागितली. बायपासनंतर वर्ज्यच आहे. मी अर्ध्याची परवानगी दिली. शेजारच्या टेबलावरचा माणूस पावावर डुकराचा कच्चा खिमा पसरून वर कांदा घालून खात होता. “कच्चाच?” मी रश्मीला विचारलं. “मेट म्हणतात त्याला. फार आवडतं लोकांना.” मी तोंड फिरवून क्रेन पाहत बसले.

परतीच्या ट्रामात माझ्या मनात जे चाललं होतं ते सभ्य बाईने लिहू नये. मेलेल्या सवतीशी माझं एक जमलं होतं. ती आता आली जिवंत. आणि यांचा चेहरा पाहावा तर त्यावर कितीतरी महिन्यांनी रंग आला होता. ज्या बाईचं नाव काढलं की मी ताट आपटायची, तिनेच त्यांना खुर्चीतून उठवलं होतं. मला तिचा राग यावा की तिचे आभार मानावेत, हे ड्युसेलडॉर्फ येईपर्यंत ठरलं नाही.

येना

संदेश स्टेशनवर घ्यायला आला होता. “जयभीम काका, जयभीम काकू,” म्हणून त्याने दोन्ही बॅगा उचलल्या. येना एका दरीत आहे. दोन्ही बाजूंना उघडे, पांढरट डोंगर, मधून ‘झाले’ नावाची शांत नदी, आणि जिकडेतिकडे सायकलवरची पोरं. संदेशच्या खोलीत भिंगांची पुस्तकं, प्रेशर कुकर आणि दहा किलो तांदूळ. “इथली माणसं पटकन जवळ येत नाहीत काकू,” तो म्हणाला, “पण एकदा आली की घरी बटाट्याचे गोळे खायला बोलावतात. त्यांना नाही म्हणता येत नाही.” रात्री त्याने भरीत केलं. यांनी दोनदा घेतलं.

रविवारी न्यायचं काय, यावर चर्चा झाली. फुलांना माझी बंदी होती. नागपूरहून आणलेली संत्रा बर्फी रश्मीच्या फ्रीजमधून इथवर आली होती. तीच नेली. हे इस्त्रीचा शर्ट घालून आरशासमोर बराच वेळ उभे होते. मी ते पाहून ठेवलं. निघताना मीही माझी धर्मावरमची साडी नेसले. स्पर्धा म्हटली की तयारी हवी.

हानेलोरेचं घर गावाबाहेरच्या पूर्व जर्मनीच्या काळातल्या सिमेंटच्या उंच इमारतीत. आम्ही उत्साहात लवकर पोचलो. संदेशने बेल दाबली. भिंतीतल्या जाळीतून तो खणखणीत आवाज आला आणि बंद झाला.

“काय म्हणाल्या?”

“अजून वेळ झाली नाही म्हणाल्या. दार वेळेवर उघडेन.”

आम्ही बाहेरच्या पायऱ्यांवर बसलो. धर्मावरम सांभाळत मी पुटपुटत होते की आमच्याकडे पाहुणा दारात उभा राहिला तर आधी पाणी देतात. हे मात्र त्या बंद दाराकडे भारावून पाहत होते. “प्रमिला,” ते हळूच म्हणाले, “बघ. पायऱ्या. आणि तिने दार लावलंय.” त्यांचे डोळे भरून आले होते. जिवंत सवत मी सहन केली असती, पण एवढी वेळेची पक्की सवत म्हणजे फारच झालं.

वेळ झाल्यावर दार उघडलं. मी उंच, सोनेरी केसांची, खंगलेली सौंदर्यवती येईल म्हणून पदर नीट केला होता. समोर माझ्या खांद्याएवढी, गोल, पांढरे केस पोरासारखे कापलेली, एप्रनवर पीठ लागलेली बाई. तिने आधी आमच्या पायांकडे बोट दाखवलं. दारात पाहुण्यांसाठी सपातांची टोपली होती. सपाता घातल्यावरच तिने हात मिळवला. मग यांच्याकडे पाहून संदेशला काहीतरी म्हणाली.

“म्हणतात, हा माणूस किती वाळलाय. याला बसवा आणि खाऊ घाला.”

सवतीबद्दलचं माझं मत त्या क्षणी थोडं बदललं.

तिने रुबार्ब नावाच्या आंबट देठांचा केक केला होता, वर साखरेचा कुरकुरीत चुरा. आंबाडीसारखी चव. मला आवडला आणि मी ते खोटं न बोलता सांगितलं. तिने संत्रा बर्फी खाल्ली, डोळे मिटले, आणखी एक घेतली आणि उरलेली कपाटात ठेवून कपाट बंद केलं. इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग यांनी बशी बाजूला सरकवली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि संदेशला म्हणाले, “आता विचार. म्हणावं, मी हे गाणं आयुष्यभर गायलो. त्या दिवशी काय झालं होतं?”

आणि त्यांनी डोळे मिटून घेतले, गाताना मिटायचे तसे.

हानेलोरेने बोलायला सुरुवात केली. संदेश वाक्यामागे वाक्य सांगत होता. क्नाइपेच्या वर बँडची पोरं राहायची, तीही तिथेच एका खोलीत राहायची. दुपारची वेळ होती. उकडत होतं. मालकाने आदल्या दिवसाचं उरलेलं बटाट्याचं सॅलड सगळ्यांना जेवायला घातलं, अंड्याचा पांढरा सॉस घातलेलं. जेवण झालं. पोरं वर तालीम करत होती. आणि मग...

संदेश थांबला. हानेलोरे बोलतच होती. तिने दोन्ही हातांनी पोट धरलं, डोळे फिरवले, कमरेतून वाकली, एक अदृश्य कडी खटकन लावली आणि हसायला लागली. मी शाळेत भूगोल शिकवायची, पण विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या की पचनसंस्थाही शिकवलेली आहे. मला जर्मनची गरज पडली नाही.

संदेशने बाकीचा तपशील माझ्या कानात सांगितला. “काकू,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “मी काय सांगू काकांना? तिने फार वाट पाहायला लावली, एवढंच सांगू का?”

यांचे डोळे मिटलेलेच होते. चेहऱ्यावर असा भाव की आता काही पवित्र कानावर येणार. त्या क्षणी मला त्यांना जपावंसं वाटलं. हो म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण गेलं वर्षभर मी तेच तर करत आले होते. सगळं छान आहे, काही काळजी करू नका, तुम्ही बसा. डॉक्टरचं मी अर्धंच सांगायची, पोरीचं अर्धंच, शेजारपाजारचं काहीच नाही. घरात एक माणूस होता आणि त्याच्याभोवती आम्ही सगळे कापूस लावत होतो. कापसात कुणी बोलतं का?

“अहो, डोळे उघडा,” मी म्हटलं. “ते दार संडासाचं होतं.”

यांनी डोळे उघडले. “काय?”

“संडासाचं. जिन्याच्या मधल्या टप्प्यावरचं. सगळ्या माळ्याला मिळून तेवढं एकच. सॅलड बाधलं होतं. ही आधी पोचली आणि तिने कडी लावली. तो बाहेर पायऱ्यांवर बसला होता, कारण त्याला उभं राहता येत नव्हतं.”

हानेलोरेला माझे शब्द कळले नव्हते, पण यांचा चेहरा कळला. तिचं हसू थांबलं, हात तोंडावर गेला. संदेश चमच्याने बशीत रेघा ओढत होता. मी मनात म्हटलं, प्रमिला, गेली तीस वर्षं तुला हेच हवं होतं ना? घे.

यांनी खाकरून घसा साफ केला. “संदेश,” ते म्हणाले, “बाईंना विचार. दार उघडलं का त्यांनी शेवटी?”

संदेशने विचारलं.

“नाइन!” हानेलोरे म्हणाली. “मलाही लागली होती. सगळ्यांनाच.”

“मग त्याने काय केलं?”

“तो राइनकडे पळाला.”

“आणि?”

“राइनपर्यंत पोचला नाही.”

आधी यांचे खांदे हलले. मला वाटलं, रडताहेत. मग छातीवर, टाक्यांच्या जागी, त्यांनी हात दाबून धरला आणि जे हसू फुटलं ते मी बायपासच्या आधीही कधी ऐकलं नव्हतं. “मला आता धरवत नाही!” ते ओरडले. “प्रमिला! धरवत नाही म्हणतो तो! मी गॅदरिंगला गुडघे टेकून म्हणायचो ते!” त्यांनी डोळे पुसले. “आणि मी जळतो आहे, ते?” संदेशने ते तिला विचारलं. हानेलोरेने गंभीरपणे मान डोलावली. सॉसमध्ये मोहरी फार होती. “आणि मागचं ते ‘ऊऽऽ’? त्या कण्हण्यावर तर जाणकार लोक वाहवा करतात!”

“बाकीचे तिघे,” हानेलोरे म्हणाली. “पायऱ्यांवर, रांगेत.”

संदेश जमिनीवर बसला. माझ्या धर्मावरमवर कॉफी सांडली होती आणि मला ते नंतर कळलं.

हानेलोरे म्हणाली, मूळ गाणं असं रडवं नव्हतंच, घाईत होतं. रेकॉर्ड करताना त्यांनी ते संथ केलं. तिने केकचा पत्र्याचा साचा उलटा केला आणि त्यावर ठेका धरला, भराभर. हे उठले. एक हात पोटावर, एक हात काल्पनिक दारावर. घसा खरखरत होता, वरचे सूर लागत नव्हते, मध्येच दम लागून ते खुर्चीला टेकले. पण त्यांनी गाणं सबंध म्हटलं, तीन कडवी, ज्याला खरंच घाई झाली आहे अशा माणसासारखं. भिंतीवर शेजाऱ्यांनी ठोकलं. हानेलोरेने उलट ठोकलं.

नंतर मी तिच्याबरोबर स्वयंपाकघरात कपबशा धुतल्या. संदेश दारात फडकं घेऊन उभा, एकेक कप पुसत आणि आमचं बोलणं इकडून तिकडे नेत. ती म्हणाली, तिच्या नवऱ्याला हे तिने कधीच सांगितलं नाही. कुर्ट बंदरात क्रेन चालवायचा. गाणं रेडिओवर लागलं की क्नाइपेत उभा राहून म्हणायचा, एक इंग्रज माझ्या बायकोसाठी जीव द्यायला निघाला होता, पण तिने मला निवडलं. मरेपर्यंत हेच म्हणायचा.

“का नाही सांगितलं?” मी विचारलं.

“त्याच्याकडे बढाई मारायला दुसरं फारसं काही नव्हतं,” ती म्हणाली. मग साबणाचे हात तसेच ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही का सांगितलंत?”

“आमच्याकडे बढाईची कमतरता नाही,” मी म्हटलं. संदेशने ते भाषांतर केलं आणि ती हसली. पण मग मी खरं काय तेही सांगितलं. वर्षभर हा माणूस गप्प आहे. मी त्याला सांभाळून सांभाळून दमले आहे. तिने ओल्या हाताने माझा दंड धरला. बाहेरच्या खोलीत हे एकटेच काहीतरी गुणगुणत होते.

निघताना तिने उरलेला केक आम्हाला बांधून दिला. बर्फी मात्र परत दिली नाही.

परतीची गाडी

येनाहून ड्युसेलडॉर्फला जाताना दोनदा गाडी बदलावी लागते. आधी मोहरीची पिवळी शेतं, मग लाल कौलांची एकसारखी गावं, कुठेही एक कागद पडलेला नाही. समोरच्या बाकावर एक गृहस्थ पेपर वाचत होते, मांडीवर सफरचंदाच्या फोडींचा डबा. हे बराच वेळ खिडकीतून बाहेर पाहत होते. मला धास्ती वाटायला लागली. हसू ओसरल्यावर पुन्हा ती खुर्ची येईल का, बाल्कनीतली?

“प्रमिला,” ते बाहेर पाहतच म्हणाले.

“काय झालं? दुखतंय का?”

“नाही. तुझं आवडतं गाणं कोणतं?”

मी त्यांच्याकडे पाहिलं. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न मला या माणसाने कधी विचारला नव्हता. मला स्वतःलाही आठवावं लागलं. आईसोबत कापसाची सरकी काढणाऱ्या जिनात काम करणाऱ्या बाया सुटी झाली की घरी येताना रस्त्याने एक गाणं म्हणायच्या. कापूस उडतो, केसात बसतो, घरी जाईस्तोवर मी म्हातारी होते, असं काहीसं. ते मी सांगितलं.

“मला माहीत नाही ते,” हे म्हणाले.

“कसं असणार? तुम्ही कधी ऐकलं?”

“म्हण की.”

“इथे? गाडीत?”

“त्या पेपरवाल्याला मराठी येते का?”

मी पदर डोक्यावरून घेतला, का ते मलाही ठाऊक नाही, आणि हळू आवाजात सुरू केलं. पहिली ओळ कशीबशी निघाली. दुसऱ्या ओळीला आवाज कापला. आईचा चेहरा समोर आला, तिच्या भुवयांवरचा कापूस दिसला, आणि मी मोठ्याने गायला लागले. समोरच्या गृहस्थांनी पेपर खाली केला, पाहिलं, आणि पुन्हा वर केला. सफरचंदाचा डबा त्यांनी जरासा माझ्याकडे सरकवला. हे मान खाली घालून ऐकत होते, बोटांनी गुडघ्यावर ठेका देत.

दुसरं कडवं संपलं. मी थांबले. आता हे काय म्हणतील म्हणून मी वाट पाहत राहिले.

“अंतऱ्यात सूर चढतो तुझा,” हे म्हणाले. “पुन्हा घे. खालून घे.”

“मी पहिल्यांदा गाते आहे हो तुमच्यासमोर!”

“म्हणूनच तर सांगून राहिलो,” ते म्हणाले, आणि खालच्या पट्टीत मला सूर देऊ लागले.

मी खालून घेतलं.